देहाच्या दिशा

छातीचा क्ष-किरणांनीं काढलेला छायापट घरीं आला म्हणजे तो एकदां तरी खिडकीच्या उजेडांत धरून पाहिल्यावांचून कोणत्याही कुटुंबाचें समाधान होत नाहीं. डॉक्टरांनीं कांहीं सांगितलेलें असो वा नसो, घरांतील एक-दोन माणसें बरगड्या मोजतात, डाग शोधतात, आणि मग कोणाच्या तरी ध्यानांत येतें कीं, हृदयाची सांवली तर उजवीकडे पडली आहे! हृदय डावीकडे असतें हें शाळेंतल्या मुलासही ठाऊक असतें. ओतुरासारख्या गांवीं छायापट नारायणगांवाहून येवो वा पुण्याहून, तो पाहून घरांत अर्धी घटका तरी काळजीची जाते.

वस्तुतः छायापटांत कांहींच चुकलेलें नसतें. तो पाहण्याची रीति अशी ठरलेली आहे कीं, रोगी आपल्यासमोर, आपल्याकडे तोंड करून उभा आहे असें समजावें. समोर उभ्या असलेल्या मनुष्याचा उजवा हात आपल्या डाव्या हातासमोर येतो; त्याचें डाव्या बाजूचें हृदय आपल्या उजवीकडे दिसतें. छायापटाच्या कोपऱ्यांत ‘आर’ किंवा ‘एल’ हें इंग्रजी अक्षर उमटविलेलें असतें, तें याच कारणासाठीं. तें अक्षर रोग्याची बाजू सांगतें, पाहणाराची नव्हे. अक्षर उलटें दिसूं लागलें तर छायापटच पाठीमागून धरला आहे असें समजावें. हल्लीं छायापटाचें चित्र टेलिफोनवरून परगांवीं पाठविण्याची सोय झाली आहे; त्या घाईंत फिल्मची बाजू उलटली तर पलीकडच्या डॉक्टरास सावध करणारें तेंच एक अक्षर होय.

शारीरशास्त्रांतील सर्व दिशांचा विचार या एका नियमावर उभारलेला आहे. उजवें, डावें, पुढें, मागें, वर, खालीं हे शब्द तेथें ज्याचें शरीर त्याच्या मालकीचे असतात. पाहणारा कोठें उभा आहे याच्याशीं त्यांस कर्तव्य नाहीं. नियम सांगावयास सोपा आहे, पण ऐन वेळीं मन त्यास दगा देतें, आणि तो दगा कधीं कधीं फार महाग पडतो.

ओतूरकरांस ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. गांव मांडवी नदीच्या तीरावर वसलेलें आहे. नदीचा डावा तीर कोणता, हें तीरावर उभ्या असलेल्या मनुष्याच्या हातावरून ठरत नाहीं. नदी जिकडे वाहते तिकडे तोंड केलें असतां जो डाव्या हातास येतो तो डावा. प्रवाहाच्या उलट तोंड करून उभें राहिल्यास डावा तीर आपल्या उजवीकडे येतो, पण त्याचें नांव बदलत नाहीं. कुकडी प्रकल्पाच्या येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगा आणि डिंभे या पांच धरणांनीं जुन्नर-आंबेगांवांतील शेतकऱ्यांच्या तोंडीं ‘डावा कालवा’ हे शब्द कायमचे बसविले आहेत. येडगांवापासून निघालेला कुकडीचा डावा कालवा पार सोलापूर जिल्ह्यांत करमाळ्याकडे जातो. तेथें ज्याच्या शेताच्या उजव्या बांधाला तो लागला असेल तोही त्यास डावा कालवाच म्हणतो. नदीला जसें तिचें स्वतःचें अंग आहे, तसेंच मनुष्यदेहालाही आहे असें मानलें कीं अर्धी अडचण दूर झाली.

आतां देवळांत चला. मांडवीतीरावरील कपर्दिकेश्वराच्या दर्शनास श्रावणांतल्या सोमवारीं केवढी दाटी होते, आणि तांदळाच्या पिंडी पाहण्यास दूरदूरचे लोक कसे येतात, हें या भागांतील वाचकांस सांगावयास नको. देवास प्रदक्षिणा घालतांना देव आपल्या उजव्या हातास ठेवावयाचा असतो. प्रदक्षिणा या शब्दांतच ‘दक्षिण’ म्हणजे उजवा हा शब्द आहे. हें उजवेपण भक्ताचें. परंतु त्याच भक्तानें घरीं येऊन ‘उजव्या सोंडेचा गणपति’ असें म्हटलें, तर तें उजवेपण गणपतीचें असतें. पाहणाराच्या दृष्टीनें ती सोंड डावीकडे वळलेली दिसते. मूर्ति विकत घेतांना बाजारांत यावरून जो घोळ होतो तो गमतीचा असतो. एकाच मनुष्याच्या एकाच सकाळच्या बोलण्यांत दोन निराळीं उजवीं वावरत असतात, आणि बहुधा त्याला त्याची जाणीवही नसते.

याहून नामी उदाहरण जुन्नर तालुक्यांतच आहे. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाची पाठ भक्तांकडे आहे, असें परंपरा मानते. पाठमोऱ्या मूर्तीचा उजवा हात आणि पाहणाराचा उजवा हात एकाच बाजूस येतात. समोरासमोरची अदलाबदल तेथें होत नाहीं. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु पालथ्या निजविलेल्या रोग्याच्या पाठीवर शस्त्र चालवितांना सर्जनापुढें हाच पेंच असतो. रोगी समोरून पाहण्याची ज्याच्या डोळ्यांस वर्षानुवर्षें संवय, त्याला पालथ्या देहाचें उजवें-डावें मनांत पुन्हा मांडून घ्यावें लागतें.

दिशा ठरावयाच्या तर देह एका ठराविक रीतीनें उभा असला पाहिजे. शारीरशास्त्राची ही उभें राहण्याची रीति अशी: मनुष्य ताठ उभा, तोंड समोर, पाय जुळलेले, हात दोन्ही अंगांस सरळ सोडलेले, आणि तळहात पुढच्या बाजूस वळविलेले. तुकोबांचे गुरु बाबाजी चैतन्य यांची समाधि ओतुरास मानली जाते, तेव्हां येथल्या वारकऱ्यांस समचरण उभें राहणें म्हणजे काय हें समजाविण्याची गरज नाहीं. विठोबाचे कटीवरील हात तेवढे खालीं सोडून तळवे पुढें केले कीं झालें. रोगी खाटेवर निजलेला असो, कुशीवर वळलेला असो, नाहीं तर शीर्षासन करीत असो, त्याच्या अवयवांचें वर्णन करतांना डॉक्टर मनांतल्या मनांत त्यास या रीतीनें उभा करतो. म्हणूनच शीर्षासनांतही डोकें हें छातीच्या ‘वर’च असतें.

तळहात पुढें कां, असें कोणी विचारील. हात सैल सोडून उभें राहिल्यास तळवे मांडीकडे किंवा मागें वळतात, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचीं दोन हाडें एकमेकांवर तिरकीं पडतात. तळवा पुढें केला म्हणजे तीं शेजारीं शेजारीं सरळ येतात आणि सारें वर्णन सोपें होतें. मात्र या स्थितींत हाताचा अंगठा शरीरापासून लांब, बाहेरच्या अंगास जातो आणि करंगळी मांडीकडे येते. पायाचें नेमकें उलट. तेथें अंगठा आंतल्या अंगास आणि करंगळी बाहेर. ही विसंगति कोठून आली याचें उत्तर गर्भावस्थेंत आहे. गर्भाचे हात आणि पाय अंकुरांसारखे फुटतात, आणि वाढतां वाढतां ते परस्परविरुद्ध दिशांस वळतात. कोपराचें टोंक मागें गेलें आणि गुडघ्याची वाटी पुढें आली तीही त्याच वळणामुळें. आपण मांडी घालून बसतों तेव्हां गुडघा कोठें जातो आणि जेवतांना कोपर कोठें जातें, हें पाहिलें म्हणजे निसर्गाच्या या मुरडीची कल्पना येते.

आतां प्रत्यक्ष शब्दांकडे वळूं. डॉक्टरी अहवालांत ‘अँटीरियर’ म्हणजे पुढचा, ‘पोस्टीरियर’ म्हणजे मागचा, ‘सुपीरियर’ म्हणजे वरचा, ‘इन्फीरियर’ म्हणजे खालचा. येथें फारसें अडत नाहीं. अडतें तें ‘मीडियल’ आणि ‘लॅटरल’ या जोडीशीं. कपाळाच्या मध्यापासून बेंबीवरून दोन्ही पायांच्या मधोमध एक उभी रेषा कल्पावी. त्या रेषेकडचें तें मीडियल, तिच्यापासून दूरचें तें लॅटरल. मराठी परिभाषेंत यांस अभिमध्य आणि पार्श्व हे शब्द आहेत. पण घरांत कोणी अभिमध्य म्हणत नाहीं. घरांत म्हणतात ‘आंतून’.

आणि येथेंच खरी गल्लत आहे. ‘गुडघा आंतून दुखतो’ असें आजी सांगते, तेव्हां तिच्या मनांत दोन अर्थांपैकीं एक असतो. दुसऱ्या गुडघ्याकडे असलेली बाजू दुखते हा एक, आणि सांध्याच्या खोल गाभ्यांत दुखतें हा दुसरा. पहिल्यासाठीं वैद्यकांत एक शब्द आहे, दुसऱ्यासाठीं निराळा. पण मराठीनें दोहोंसाठीं एकच ‘आंत’ वापरला आहे. ‘बाहेर’ या शब्दाचीही तीच कथा. गुडघ्याच्या झिजेंत पुष्कळदां आंतल्या अंगाचीच कूर्चा अगोदर झिजते, पाय धनुष्यासारखे बाहेर वांकतात, आणि कांहीं रोग्यांत सबंध सांधा न बदलतां तेवढीच बाजू बदलून भागतें. तेव्हां आजीच्या ‘आंतून’ या शब्दावर बरेंच अवलंबून असतें. चांगला डॉक्टर शब्दावर विसंबत नाहीं. ‘एका बोटानें दाखवा’ असें सांगतो. आमच्या मतें मराठींत ‘आंतल्या अंगास’ आणि ‘खोल’ असे दोन वेगळे प्रयोग जाणून-बुजून रूढ केले तर त्यासाठीं संस्कृत शब्दही लागणार नाहींत.

हातापायांपुरती आणखी एक जोडी आहे, ती ‘प्रॉक्झिमल’ आणि ‘डिस्टल’. ही समजण्यास शेतकऱ्याइतका योग्य शिष्य दुसरा नाहीं. उंसाला जसा बुडखा आणि शेंडा, तसाच हातापायाला. धडाशीं जेथें अवयव जोडला आहे तो बुडखा, बोटांचीं टोंकें हा शेंडा. बुडख्याकडचें तें प्रॉक्झिमल किंवा समीपस्थ, शेंड्याकडचें तें डिस्टल किंवा दूरस्थ. ‘मनगटाच्या वर’ असें म्हटल्यास हात उंच केलेल्या मनुष्याच्या बाबतींत घोटाळा होतो. ‘मनगटापासून कोपराकडे’ म्हटल्यास होत नाहीं. सर्पदंशाच्या रोग्याच्या पायावरील सूज बहुधा शेंड्याकडून बुडख्याकडे चढत जाते. डॉक्टर तिच्या कडेवर शाईची रेघ ओढून शेजारीं वेळ लिहून ठेवतात, म्हणजे तासाभरानें ती किती सरकली हें कळतें. दंश झालेला पाय हालूं न देतां रोग्यास त्वरित रुग्णालयांत न्यावें, दोरीनें आंवळून मात्र बांधूं नये, हें जातां जातां सांगून ठेवतों.

चतुष्पादांची गोष्ट अर्थातच निराळी. बैलाची पाठ वर असते, पोट खालीं, आणि डोकें पुढें. मनुष्याची पाठ मागें, पोट पुढें आणि डोकें वर. तेव्हां ‘पुढें’ या शब्दानें पशुवैद्याला डोकें समजतें आणि मनुष्याच्या वैद्याला पोट. म्हणून प्राणिशास्त्रांत डोक्याची बाजू, शेपटीची बाजू, पाठीची बाजू आणि पोटाची बाजू असे शब्द वापरतात. प्राणी कसाही उभा राहिला तरी शेपूट शेपटीच्याच जागीं राहतें. मराठी प्राणिशास्त्रांत पोटाच्या बाजूस ‘अधर’ म्हणतात. साहित्याच्या वाचकास अधर म्हणजे ओंठ, संस्कृतज्ञास अधर म्हणजे खालचा, आणि विद्यार्थ्यास परीक्षेच्या दिवशीं तिन्ही अर्थ एकदम आठवतात!

आमच्या प्राचीनांनीं या प्रश्नाचा विचार केला नव्हता असें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत शवपरीक्षेची रीति दिली आहे. प्रेत गवतानें वेढून पिंजऱ्यांत घालून वाहत्या पाण्यांत ठेवावें, आणि सात रात्रींनंतर वाळा, केंस, वेळू अशांच्या कुंचल्यांनीं हळूहळू घांसून त्वचेपासून आंत एकेक थर डोळ्यांनीं पाहावा, असें तेथें सांगितलें आहे. वरवरचें कोणतें आणि खोल कोणतें याचा क्रम हातानें शोधण्याचा हा मार्ग. त्याच ग्रंथांत नाभीपासून निघणाऱ्या २४ धमन्या सांगितल्या आहेत: १० वर जाणाऱ्या, १० खालीं जाणाऱ्या आणि ४ तिरक्या. नाभि हें धमन्यांचें मूळ आहे हें आजचें शास्त्र मानीत नाहीं. पण एक स्थिर केंद्र धरून दिशा सांगण्याची दृष्टि त्यांत स्पष्ट आहे.

संस्कृतानें मात्र एक अडचण वारसा म्हणून ठेवली आहे. पूर्वेस तोंड करून संध्येस बसलेल्या मनुष्याच्या उजव्या हाताकडे जी दिशा येते ती दक्षिण. म्हणून उजव्या हातास आणि त्या दिशेस एकच शब्द. वैद्यकाच्या जुन्या वळणाच्या पुस्तकांत ‘दक्षिण फुप्फुस’ असें वाचून नवा विद्यार्थी क्षणभर थबकतो तो यामुळेंच. ‘सव्य’ या शब्दाची तर दैना झाली आहे. संस्कृतांत सव्य म्हणजे मुख्यतः डावा; अर्जुनाला सव्यसाची म्हणतात, कारण त्यास डाव्या हातानेंही बाण सोडतां येई. जानवें डाव्या खांद्यावर असतें तें सव्य, आणि पितरांसाठीं उजव्या खांद्यावर घेतात तें अपसव्य. पण नित्याचें आणि मंगल तें सव्य, म्हणून सव्य म्हणजेच उजवें, असा समज कित्येक सुशिक्षित घरांतही आढळतो. ज्या शब्दाला दोन विरुद्ध अर्थ चिकटले आहेत तो श्राद्धाच्या पाटावर चालेल, शस्त्रक्रियेच्या खोलींत चालणार नाहीं. उजवा आणि डावा हे साधे मराठी शब्दच तेथें उत्तम.

पाश्चात्यांची स्थिति फार काळ याहून बरी नव्हती. एकाच स्नायूला निरनिराळ्या देशांत निरनिराळीं नांवें होतीं, आणि नांवांचा नुसता बाजार झाला होता. १८९५ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझेल येथें जर्मन शारीरशास्त्रज्ञांनीं लॅटिन नांवांची एक नियमित यादी मान्य केली. तिच्यावर पुढें पुष्कळ संस्कार होऊन १९९८ सालीं नवी आंतरराष्ट्रीय यादी प्रसिद्ध झाली. १८९५ हेंच वर्ष राँटजेनच्या क्ष-किरणांच्या शोधाचें. जिवंत मनुष्याचें अंतरंग कागदासारखें सपाट होऊन पाहणाराच्या हातीं येऊं लागलें, आणि ‘कोणाचें उजवें?’ हा प्रश्न ग्रंथांतून उठून घरांत आला.

आमच्याकडे मुंबईस १८४५ सालीं ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि पुढें तेथें मराठींतून वैद्यक शिकविण्याचाही वर्ग चालला. ती परंपरा टिकली असती तर ‘आंतून’ या शब्दाचा निकाल केव्हांच लागला असता, असें आम्हांस वाटतें. आज डॉक्टर इंग्रजींत लिहितो, रोगी मराठींत सांगतो, आणि दोहोंमधील भाषांतर बहुधा परिचारिकेच्या किंवा रोग्याच्या पुतण्याच्या पदरीं पडतें.

दिशांचे हे नियम इतक्या काटेकोरपणें कां पाळावयाचे, याचें उत्तर देहाच्या रचनेंतच आहे. बाहेरून मनुष्य दोन्ही अंगांनीं सारखा दिसतो. आंतून तसा नाहीं. यकृत उजवीकडे, प्लीहा डावीकडे. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन. यकृताखालीं सांपडल्यामुळें उजवें मूत्रपिंड डाव्यापेक्षां किंचित् खालीं. उजवी श्वासनलिका डावीपेक्षां रुंद आणि अधिक उभी असते, म्हणून खेळतां खेळतां मुलाच्या श्वासांत शेंगदाणा गेला तर तो बहुधा उजवीकडे उतरतो. क्वचित् एखाद्या मनुष्याचे सर्वच अवयव आरशांतल्यासारखे उलट बाजूस असतात. सुमारे १०,००० माणसांत एक, असा अंदाज आहे. अशा मनुष्यास कित्येकदां आयुष्यभर त्याचा पत्ता नसतो. त्याचें आंत्रपुच्छ सुजलें म्हणजे पोट डावीकडे दुखतें, आणि छायापटावरील बाजूचें अक्षर चुकलेलें किंवा पुसलेलें असेल, तर तो मनुष्य खरोखर उलटा आहे कीं फिल्म उलटी आहे हें कोण सांगणार?

जोडीच्या अवयवांत धोका अधिक. डोळे, मूत्रपिंडें, गुडघे, खुबे हे दोन-दोन; आणि बाजू चुकली तर निरोगी अवयवावर शस्त्र पडतें. असें क्वचितच घडतें, पण जगांत सर्वत्र घडलेलें आहे, आणि तें अडाण्यांच्या हातून नव्हे, तर निष्णात सर्जनांच्या हातून. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेसाठीं १९ बाबींची एक तपासयादी प्रसिद्ध केली. भूल देण्यापूर्वीं, छेद घेण्यापूर्वीं आणि रोगी खोलींतून नेण्यापूर्वीं, असे तिचे तीन टप्पे आहेत; पहिल्याच टप्प्यांत शस्त्रक्रियेची जागा रोग्याच्या अंगावर खूण करून निश्चित केली आहे ना, हें विचारावयाचें असतें. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हां शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें. अर्थात् हा सारा परिणाम एकट्या खुणेचा नव्हे. परंतु तोंडानें मोठ्यानें विचारणें आणि उत्तर घेणें एवढ्या साध्या गोष्टीनें तो घडला, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

दंतवैद्यांनीं तर शब्दच टाकून आंकडे घेतले आहेत. तोंडाचे चार भाग करून रोग्याच्या वरच्या उजव्या भागास १, वरच्या डाव्यास २, खालच्या डाव्यास ३ आणि खालच्या उजव्यास ४ असा आंकडा देतात, आणि त्यापुढें मध्यापासून मोजलेला दाताचा क्रमांक लिहितात. चिठ्ठीवर ३६ असेल तर ती खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. ओतुरास बसून चिठ्ठी वाचणारास ती कोणत्या बाजूची हें आरसा न पाहतांही सांगतां येईल.

घरांतील कोणावर शस्त्रक्रिया व्हावयाची असेल तर अगोदर संमतिपत्रावर आणि तपासणीच्या कागदावर बाजू पूर्ण शब्दांत लिहिली आहे कीं नाहीं, आणि दोहोंवर ती एकच आहे कीं नाहीं, हें पाहावें. सर्जन खूण करावयास येईल तेव्हां भूल दिलेली नसावी. आणि गुडघा आईचा असेल तर तो आईनेंच स्वतःच्या हातानें दाखवावा. समोर उभ्या असलेल्या मुलाच्या तोंडून ‘उजवा’ निघेल, पण हात जाईल तो त्याच्या उजवीकडे.